शेकरूची झेप आणि हिरड्याची टोपली

भीमाशंकरच्या रानात वर पाहत चाललात तर एखादे वेळी पानांत तपकिरी झुपकेदार शेपूट हललेले दिसेल. ते शेकरू, आपली मोठी खार. ही खार जमिनीवर क्वचितच उतरते. फांदीवरून फांदीवर झेप घेत हिंडते. सहा मीटरची झेप तिला जड नाही.

आता थोडे गणित करू. (मी पदार्थविज्ञानाचा मास्तर, त्याला इलाज नाही!) तितक्याच उंचीच्या फांदीवर 45 अंशांच्या कोनात 6 मीटर झेप घ्यायची तर उडताना वेग सेकंदाला सुमारे 7.7 मीटर हवा. मधले एक झाड तुटून अंतर 12 मीटर झाले, तर वेग हवा 10.8 मीटर. म्हणजे ऊर्जा दुप्पट! शेकरूचे स्नायू मात्र होते तेवढेच. एका झाडापायी रानाचे दोन तुकडे होतात ते असे.

येथे 1985 साली अभयारण्य झाले. पण शेकरूला त्याची हद्द ठाऊक नाही. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरांतली कितीतरी झाडे महादेव कोळी शेतकऱ्यांच्या मालकी रानात उभी आहेत. पावसाळ्यात भात-नाचणी पिकते; उन्हाळ्यात हाती पैसा नसतो. नेमका तेव्हाच हिरडा कामी येतो. कोवळी फळे उतरवून उन्हात वाळवली की काळा, कडक बाळहिरडा तयार होतो. तो औषधात जातो, कातडी कमावण्यासही लागतो. त्यातले टॅनिन कातड्यातील प्रथिनांना घट्ट बांधते, म्हणून चामडे कुजत नाही. दरवर्षी पैसा देणारे झाड कोळशाच्या भट्टीत कोण घालील? भाव कोसळला, म्हणजे मात्र हिशेब बदलतो. 3 जून 2020 च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात तर हिरड्याचे पीकच गेले.

आणखी एक पेच आहे. कोवळ्या फळात बी तयार झालेले नसते. सारीच फळे कोवळेपणी उतरवली तर नवी रोपे येणार कोठून? काही झाडांची फळे पिकून गळू द्यावी लागतील. मग तेवढ्या टोपल्या ज्या घरात येणार नाहीत, त्या घरच्या बियाण्याचे पैसे कोणी द्यायचे? हे गणित शेकरूच्या झेपेहून अवघड आहे. आपल्या शिक्षकांबरोबर मांडून पाहा.