आकडा गावाचा, शीव कुणाची?

साठ-सत्तरच्या दशकातली एखादी जिल्हा जनगणना पुस्तिका ग्रंथालयात मागवली, की टेबलावर जाडजूड, पिवळ्या पडलेल्या पानांचा ग्रंथ येतो. तालुक्याच्या सुरुवातीला नकाशा असतो, बहुधा घडी घातलेला, घडीवर विरत चाललेला. त्यात गावांच्या शिवा काढलेल्या असतात, पण शिवेच्या आत नाव क्वचितच सापडतं. तिथे असतो क्रमांक. आधी अकारविल्हे यादीत गाव शोधायचं, त्याचा क्रमांक टिपायचा, मग नकाशावर ती शीव गाठायची आणि त्याच क्रमांकाने पुढच्या तक्त्यात जाऊन घरं, माणसं, बायका-पुरुष, साक्षर, शेतकरी, शेतमजूर हे रकाने वाचायचे. एका गावाला पाच मिनिटं लागली, तर दोनशे गावांच्या तालुक्याचं काम किती दिवस चालेल याचा हिशेब सहज करता येतो. महाराष्ट्रातल्या अभ्यासकांच्या दोन-तीन पिढ्यांनी गावपातळीचं संशोधन असंच केलं.

खानेसुमारी इंग्रजांच्या आधीही होत असे. आजच्या अर्थाची जनगणना मात्र १८७२ पासून धरतात, आणि देशभर एकाच वेळी मोजणी झाली ती १८८१ मध्ये. मुंबई शहराने त्याआधीच सुरुवात केली होती. १८६४ च्या मोजणीत शहरात ८,१६,५६२ माणसं भरली आणि १८७२ मध्ये ६,४४,४०५. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या तेजीत आलेली माणसं युद्ध संपताच पांगली. पुढे १८९१ मध्ये आकडा ८,२१,७६४ वर गेला आणि १९०१ मध्ये पुन्हा ७,७६,००६ वर आला. त्या घसरणीत प्लेग आहे.

जुने आकडे शोधणाऱ्याची पहिली अडचण ही, की तेव्हा महाराष्ट्र नावाचं राज्यच नव्हतं. पुणे, सातारा, खानदेश, कोकण हवं असेल तर मुंबई इलाख्याचे अहवाल काढावे लागतात. मराठवाड्यासाठी निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे, नागपूर-चांद्यासाठी मध्य प्रांताचे, तर वऱ्हाड कधी स्वतंत्र, कधी मध्य प्रांताला जोडलेला. संस्थानी मुलखाची गणती आणखी वेगळ्या रकान्यात. १९०१ पासूनचे आकडे आजच्या हद्दींत बसवून देणारा दशवार्षिक वाढीचा तक्ता जनगणना खात्याने पुढे तयार केला, आणि त्याचे उपकार फार मोठे आहेत. त्या तक्त्यात १९११ ते १९२१ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या २ कोटी १५ लाखांवरून २ कोटी ८ लाखांवर उतरलेली दिसते. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीने मारलेली माणसं त्या एका ओळीत आहेत.

१९३१ च्या गणतीत जातवार तक्ते शेवटचे सविस्तर छापले गेले. १९४१ ला युद्धामुळे तक्त्यांना कात्री लागली. स्वातंत्र्यानंतर १९५१ पासून जिल्हावार पुस्तिका निघू लागल्या, आणि १९६१ ची गणती तर अभ्यासकांना पर्वणीच ठरली. महानिबंधक अशोक मित्र यांनी गावांचे स्वतंत्र अभ्यास करून घेतले, जनगणनेचा नकाशासंग्रह काढला. लोकसंख्येकडे नकाशावर पाहायची सवय आपल्याकडे त्या काळात रुजली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत कुमुदिनी दांडेकरांसारख्या संशोधकांचं काम याच दशकांतलं. तिथल्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयात हे जुने खंड जपले गेले. मुंबईत १९५६ मध्ये सुरू झालेली, देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था हा दुसरा आधार.

आकडे मिळाले तरी नकाशाशिवाय ते फसवतात, हे रत्नागिरीइतकं स्पष्ट कुठेच दिसत नाही. १९८१ ची गणती मार्चमध्ये पार पडली आणि १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. अखंड रत्नागिरीची लोकसंख्या तेव्हा २१ लाखांवर होती. १९९१ च्या तक्त्यात रत्नागिरीपुढे साडेपंधरा लाखांच्या आसपासचा आकडा आहे. हद्द न पाहता दोन्ही आकडे शेजारी ठेवणारा विद्यार्थी लाखो माणसं कुठे गेली याची कारणं शोधत बसेल. ती कुठेच गेली नव्हती, जिल्ह्याची शीव हलली होती.

खरी घट नंतर झाली. २००१ मध्ये रत्नागिरीत १६,९६,७७७ लोक होते, २०११ मध्ये १६,१५,०६९. सिंधुदुर्गही ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आला. आणि ज्या शहराने कोकणातला माणूस ओढून नेला त्या मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्याही याच दशकात ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ झाली. हे तक्ते शेजारी मांडून वाचायला हवेत. चाकरमान्यांच्या रत्नागिरी जिल्ह्यात २००१ मध्ये हजार पुरुषांमागे ११३६ स्त्रिया होत्या. २०११ मध्ये ११२२ झाल्या, सिंधुदुर्गात १०७९ च्या १०३६. मुंबई शहरात हाच आकडा ८३२. पूर्वी घरातला कर्ता एकटा मुंबईला जाई, बायको-पोरं गावच्या घरात राहत. आता बिऱ्हाडच हलतं, आणि ते बहुधा गिरणगावात न थांबता उपनगरात, ठाण्यात, वसई-विरारकडे जातं, असा या आकड्यांचा एक अर्थ लागतो. तो पक्का करायचा तर स्थलांतराचे तक्ते उघडावे लागतात. जन्मस्थान, मागचं राहतं ठिकाण, स्थलांतराचं कारण हे सगळं त्यांत असतं, पण या तक्त्यांकडे फार थोडे अभ्यासक वळतात.

गाव म्हणजे काय, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. जनगणनेचं गाव हे महसुली गाव असतं. एकही माणूस न राहणारं बेचिराख गावही यादीत असतं, त्याच्यापुढे लोकसंख्येचा रकाना तेवढा रिकामा. उलट वाडी, पाडा, तांडा यांना सहसा स्वतंत्र ओळ मिळत नाही. त्यांची माणसं महसुली गावात मिसळून जातात. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली, तेव्हा गाडली गेली ती कोंडाळकरवाडी. तक्त्यात शोधायला जावं तर सापडतं तळिये. डोंगराच्या उतारावर नेमकी किती घरं आहेत, हे कोकणात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात जिवाशी निगडित आहे. तरीही वाडीचा आकडा छापील तक्त्यात मिळत नाही. प्रगणक आपल्या गटाचा हातनकाशा काढतो, त्यात घर न् घर असतं. व्यक्तीची माहिती १९४८ च्या कायद्याने गोपनीय आहे आणि ती तशीच राहायला हवी. पण वाडीनिहाय एकूण माणसं आणि घरं जाहीर केल्याने कुणाचंही गुपित फुटणार नाही.

छापील पुस्तकांची जागा आधी सीडीने आणि मग संकेतस्थळाने घेतली. आज १८७२ पासूनचे असंख्य अहवाल घरबसल्या उतरवून घेता येतात. २०११ च्या प्रत्येक गावाला सहा आकडी क्रमांक आहे, राज्याला २७. व्यापाऱ्यांच्या जीएसटी क्रमांकाच्या सुरुवातीला येणारे २७ हे अंक जनगणनेच्याच यादीतले. गावांच्या शिवा संगणकावर मिळवणं मात्र बराच काळ अवघड राहिलं. २००५ च्या नकाशा धोरणाने दार किलकिलं केलं आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी बरंचसं उघडलं. दरम्यान डेटामीटसारख्या स्वयंसेवी गटांनी हद्दी गोळा करून सर्वांसाठी खुल्या केल्या. १९९१, २००१ आणि २०११ ची गावं एकमेकांशी जुळवण्याचं किचकट काम काही अर्थशास्त्रज्ञांनी ‘श्रग’ या संग्रहात करून ठेवलं.

या कष्टांचं मोल पालघरने दाखवून दिलं. २०११ मध्ये ठाणे हा देशातला सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा होता, १,१०,६०,१४८. त्यात अनुसूचित जमातींचं प्रमाण सुमारे १४ टक्के. ऑगस्ट २०१४ मध्ये पालघर वेगळा झाला. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड या आठ तालुक्यांचे आकडे जुन्या तक्त्यातून उचलून बेरीज केली, तेव्हा २९,९०,११६ लोकसंख्येत आदिवासी ३७ टक्क्यांच्या वर निघाले, आणि उरलेल्या ठाण्यात पाचच्या आसपास. जव्हार-मोखाड्याचा आदिवासी मुलूख ठाणे-कल्याणच्या गर्दीच्या सरासरीत इतकी वर्षं बुडून गेला होता.

२०२१ ची गणती झालीच नाही. कुपोषणापासून पाणीपुरवठ्यापर्यंतच्या योजना अजूनही २०११ च्या आकड्यांवर आखल्या जातात, आणि त्या आकड्यांत तेव्हा जन्मलेली मुलं आता शाळेच्या वरच्या वर्गांत आहेत. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने पुढच्या गणतीसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे. तिच्यात पालघर पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने येईल. औरंगाबादच्या जागी छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादच्या जागी धाराशिव आणि अहमदनगरच्या जागी अहिल्यानगर असेल. जुन्या तक्त्यांशी ते जोडून घेणाऱ्याला पुन्हा एकदा दोन याद्या शेजारी ठेवून, नावामागे नाव आणि शिवेमागे शीव पडताळत बसावं लागेल.