फवारलेले औषध जाते कुठे?



पऱ्हाटीवर पंप मारून तुम्ही घरी येता, हातपाय धुता, जेवायला बसता. त्या वेळी वावरातल्या औषधाचे काम संपलेले नसते. थोडे पानांवर बसलेले असते, थोडे वाऱ्याने धुऱ्यापलीकडे गेलेले असते आणि बरेचसे जमिनीवर पडलेले असते. कीड मेली की नाही, हे तुम्ही दोन दिवसांनी बघता. जमिनीवर पडलेल्याचे पुढे काय झाले, हे कोणी विचारत नाही. नोकरीची पहिली कित्येक वर्षे मीही विचारले नाही.

एकदा भर श्रावणात, आभाळ दाटून आलेले असताना, मीच एका शेतकऱ्याला "आजच मारून घ्या" म्हणून सांगितले. संध्याकाळी तासभर धो धो पाऊस झाला. दोन दिवसांनी त्याच्या वावराखालच्या नाल्यात, डोहात मासे उलटे तरंगत होते. "साहेब, पैसे तर वाहून गेलेच," एवढेच तो म्हणाला.

शास्त्रज्ञ या गोष्टीचा हिशेब आता संगणकावर मांडतात. त्याला ते गणिती प्रतिमान म्हणतात. तुम्ही खतावणीच समजा. जमेच्या बाजूला फवारलेले औषध. खर्चाच्या बाजूला हवेत उडालेले, मातीतल्या जिवाणूंनी फोडलेले, पिकाने ओढलेले, पाण्याबरोबर वाहिलेले आणि खाली झिरपलेले. यातला प्रत्येक आकडा माती, हवामान आणि पीक यांवर ठरतो, आणि अर्थात औषधाच्या स्वभावावरही. पऱ्हाटीवर वर्षानुवर्षे वापरले गेलेले मोनोक्रोटोफॉस घ्या. ते पाण्यात पूर्ण विरघळते, मातीला फारसे चिकटत नाही. म्हणजे पाणी जाईल तिकडे जाते. क्लोरपायरीफॉस पाण्यात जेमतेम विरघळते आणि मातीच्या कणाला घट्ट धरून राहते. ते पाण्याबरोबर नव्हे, गाळाबरोबर नाल्यात जाते. शिवाय अर्धायू पाहावा लागतो. समजा एखाद्या औषधाचा अर्धायू ३० दिवस आहे. तर १०० ग्रॅमचे महिन्याने ५० उरतात, दोन महिन्यांनी २५, तीन महिन्यांनी साडेबारा. मध्येच पुन्हा फवारले, की जुन्या बाकीवर नवे चढते.

युरोपात नवे कीटकनाशक बाजारात येण्याआधी ते भूजलात उतरेल का, हे नऊ ठिकाणांची माती, पाऊस आणि पिके धरून संगणकावर तपासतात. जर्मनीतले हँबुर्ग, स्पेनमधले सेव्हिल, ग्रीसमधले थिवा ही त्यांतली. पद्धत चांगली आहे. पण वर्षाचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत उरकणारे आपले आभाळ हँबुर्गला नाही, आणि आपली काळी जमीनही नाही.

या काळ्या जमिनीची गंमत बघा. तिच्यात चिकणमाती भरपूर, त्यामुळे ती औषध धरून ठेवते असे वाटते. पण वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचे पहिले पाणी मातीतून गाळून न जाता भेगांतून थेट खाली उतरते. पेरणीच्या सुमारास टाकलेले तणनाशक त्याच्यासोबत जाऊ शकते. श्रावणापर्यंत माती फुगते, भेगा मिटतात, मग पाणी आत न शिरता वरून पळते आणि औषध नाल्याला जाते. एकच वावर, पण जूनमध्ये धोका विहिरीला आणि ऑगस्टमध्ये नाल्याला. मध्ये पावसाने पंधरा-वीस दिवस ताण दिला, तर भेगा पुन्हा उघडतात. मुरमाड, हलक्या जमिनीत तर भेगांचीही गरज नाही, पाणी सरळ झिरपते.

म्हणून हिशेब इथल्याच आकड्यांवर व्हायला हवा. मातीचे आकडे आपल्या दाराशीच आहेत. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेचे मुख्यालय नागपुरातच आहे. तिने १९९२ साली माती आणि हवामान पाहून देशाचे २० कृषी-पर्यावरणीय विभाग पाडले. केंद्रीय कापूस संशोधन संस्थाही इथलीच. तुमच्या वावराचा आकडा मात्र तुमच्याच घरात, फडताळात पडलेला असतो. मृद आरोग्य पत्रिका काढा आणि सेंद्रिय कर्बाचा रकाना वाचा. आपल्याकडच्या पुष्कळ जमिनींत तो अर्धा टक्काही भरत नाही. हा कर्बच औषधाला धरून ठेवतो आणि जिवाणूंना पोसतो. शेणखताचा हा उपयोग आम्ही सभांत फारसा सांगितला नाही, हे कबूल करतो.

या खतावणीत फवारणारा माणूस बहुधा नसतो. तो घालायलाच हवा. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. दाट, उंच वाढलेल्या पऱ्हाटीत शिरून फवारायचे, अंगाला घामाच्या धारा, ओल्या कातडीवर औषधाचे तुषार. पिकाची उंची, उष्मा आणि वारा हे तीन आकडे तिथे मातीइतकेच मोलाचे होते.

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला, विहिरीचे पाणीच तपासू. गावातल्या साध्या तपासणी संचाने कीटकनाशकाचा अंश दिसत नाही. त्याला मोठी प्रयोगशाळा लागते, खर्चही मोठा. गावोगावच्या सगळ्या विहिरी अशा तपासणे जमणारे नाही. कोणत्या विहिरी आधी तपासाव्यात, हे या हिशेबावरून ठरवता येते.

तेव्हा मुलाच्या जुन्या वहीची कोरी पाने घ्या. फवारणीची तारीख, औषधाचे नाव, एकरी प्रमाण, त्यानंतरचा पहिला पाऊस कधी आणि किती, भेगा उघड्या होत्या की मिटलेल्या, आणि विहीर किती पावलांवर, एवढे लिहा. नाल्यातले मासे उलटे झालेल्या त्या शेतकऱ्याने अशी वही ठेवली आहे. गेल्या खरिपात तिच्यात एका ओळीत लिहिले होते, "आभाळ आले, पंप परत नेला."