दुनळींतली नळी

भुसावळ तालुक्यांतील आमच्या वरणगांवास काडतुसाचें नांव नवें नाहीं. १९६४ सालीं येथें दारूगोळ्याचा सरकारी कारखाना निघाला आणि सैन्याच्या रायफलींचीं काडतुसें येथें होऊं लागलीं. तथापि काडतूस व बंदूक यांचा मेळ कसा असतो, हें सुशिक्षित घरांतही थोड्यांसच ठाऊक असतें. परवां माझ्या पुतण्यानें माझ्या वडिलांच्या वेळची, आतां त्याच्या नांवें परवाना असलेली बारा बोअरची दुनळी पुढें ठेविली व विचारलें, "काका, हिच्या एका नळींत रायफलीची बारीक नळी बसवितात म्हणे. बसवूं या का? रानडुकरें शेत ठेवीत नाहींत."

दुनळीची नळी आंतून गुळगुळीत असते. छर्र्यांस ती योग्य. पण लांबट गोळी तींतून सुटली तर वाटेंत कोलांट्या खाते. रायफलीच्या नळींत पिळदार खाचा असतात. त्यांमुळें गोळी भोंवऱ्यासारखी फिरत निघते आणि फिरता भोंवरा जसा कलंडत नाहीं, तशी तीही कलंडत नाहीं. उलट त्याच खाचांतून छर्रे सोडले तर ते भलतेच विखुरतात.

दोन्ही गुण एकत्र आणण्याची खटपट जुनी आहे. हिंदुस्थानांतील इंग्रजी सैन्यांत नोकरी केलेले कर्नल फॉसबेरी यांनीं १८८५ सालीं नळीच्या केवळ तोंडाशीं खाचा पाडण्याची युक्ति काढली. लंडनच्या 'हॉलंड आणि हॉलंड' पेढीनें तशा बंदुका 'पॅराडॉक्स' नांवानें विकल्या. जर्मनी व ऑस्ट्रियांतील शिकाऱ्यांत निराळी रीत रूढ झाली: खाचांची पातळ नळी मागून दुनळीच्या एका नळींत सरकवावयाची. मग एका नळींत छर्रे, दुसरींत गोळी.

युक्ति सुबक खरी. पण नैयायिकांप्रमाणें येथें आधार व आधेय यांचा विचार केला पाहिजे. आंतली नळी नवी आली, तरी बाराचा धक्का सोसणारा सांधा जुनाच राहतो. सैन्याच्या ७.६२ मिलिमीटर काडतुसाचा दाब बारा बोअरच्या पांचपटीहून अधिक. त्याचें बूड लहान असल्यानें धक्का तितक्या पटीनें वाढत नाहीं, तरी जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून अशा नळ्या बहुधा .२२ सारख्या हलक्या काडतुसांकरितां करितात. शिवाय दुनळीच्या नळ्या पुढें किंचित् एकमेकींकडे झुकलेल्या असतात. आंतली नळी कुशल कारागिरानें जुळविल्यावांचून नेम साधत नाहीं.

कायद्याचीही बाजू आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें बंदुकीचा सुटा भागही शस्त्रांतच मोडतो, आणि शस्त्रांत फेरफार करण्याचा धंदा परवान्यावांचून कोणास करतां येत नाहीं. रानडुकराविषयींचें गाऱ्हाणें खरें. परंतु १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळें वनाधिकाऱ्याच्या परवानगीवांचून तेंही मारतां येत नाहीं.

पुतण्या हिरमुसला. "मग हिचें करूं तरी काय?"

मीं म्हटलें, "पुसून कुलपांत ठेव. काडतुसें निराळ्या कपाटांत ठेव, आणि त्याची किल्ली आपल्याजवळ ठेव. घरांत लेंकरें आहेत. रानडुकरांचा अर्ज मात्र उद्यांच लिहूं. मसुदा मी करून देतों."