चाकांवरच्या घराचं वजन

दसरा उलटला की नांदेड-लातूर रस्त्यावर अहमदपूरच्या आसपास वेगळीच वाहतूक सुरू होते. ट्रकमध्ये आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमध्ये भांडी, ज्वारीची पोती, बाज, अंथरुणं, कोंबड्या, एखादी शेळी आणि या सगळ्यावर बसलेली माणसं. बालाघाटाच्या माळरानावरची, अहमदपूर, कंधार, मुखेड या पट्ट्यातली ही कुटुंबं ऊसतोडीला निघालेली असतात. पुढचे पाच-सहा महिने त्यांचं घर म्हणजे फडाजवळची कोपी, बांबू, पाचट आणि प्लॅस्टिकच्या कागदाची. सामान चाकांवर येतं, चाकांवर जातं. घर तेवढं दरवर्षी मोडतं आणि दरवर्षी नव्याने उभं करावं लागतं.

अमेरिकेत उलटं घडलं. तिथे घरच चाकांवर चढलं. १९९९ साली जे शेफर या तरुणाने आयोवा राज्यात शंभर चौरस फुटांहूनही लहान घर बांधलं आणि ते ट्रेलरवर ठेवलं. हौस होतीच, पण खरं कारण नियमांचं होतं. इतक्या लहान घराला बांधकामाची परवानगी मिळत नव्हती. चाकं लावली की ते कागदोपत्री घर न राहता वाहन होत होतं. पुढे २००८ च्या मंदीत कर्जाचे हप्ते थकलेल्या अमेरिकी लोकांना ही कल्पना भावली आणि 'टायनी हाऊस' ही चळवळच झाली. अखेर २०१८ च्या बांधकाम संहितेत अशा घरांसाठी स्वतंत्र परिशिष्ट आलं. त्यानुसार ४०० चौरस फूट, म्हणजे ३७ चौरस मीटरपर्यंतचं घर 'चिमुकलं' ठरतं.

प्रधानमंत्री आवास योजनेतलं आपल्याकडचं ग्रामीण घरकुल किमान २५ चौरस मीटरचं असतं. अमेरिकेतल्या 'चिमुकल्या' घराची कमाल मर्यादा त्याच्या जवळपास दीडपट भरते. तेव्हा लहान घरात कसं राहावं, हे मराठवाड्याला कुणी शिकवायची गरज नाही. चाकांवरच्या घराकडून इथे शिकण्यासारखं आहे ते वेगळंच. हे घर चौरस फुटांत मोजत नाहीत, किलोत मोजतात. आणि घराच्या वजनाचा प्रश्न लातूर जिल्ह्याइतका जिवावर बेतलेला प्रदेश महाराष्ट्रात दुसरा नाही.

साठ टन आणि साडेतीन टन

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जनानंतरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारी परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसं गेली. जगात या तीव्रतेचे भूकंप दरवर्षी अनेक होतात आणि बहुतेकांत एवढे बळी जात नाहीत. इथे घात केला तो घरांच्या वजनाने. दगड-मातीत रचलेल्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या भिंती, आणि वर माळवद. दर पावसाळ्यापूर्वी गळती थांबवायला माळवदावर नवी माती पडायची, जुनी तशीच राहायची. एक फूट मातीचा थर धरला तरी दर चौरस मीटरला अर्धा टन वजन डोक्यावर, दोन फुटांचा असेल तर जवळजवळ एक टन.

भूकंपात घरावर येणारा जोर म्हणजे घराचं वस्तुमान गुणिले जमिनीचं त्वरण. त्वरण माणसाच्या हातात नसतं, वस्तुमान असतं.

आता हिशेब मांडून पाहू. चाकांवरचं नेहमीचं घर साधारण सहा मीटर लांब आणि २.४ मीटर रुंद असतं. याहून फार रुंद ते करता येत नाही, कारण रस्त्यावर धावणाऱ्या वाहनाची रुंदी आपल्या मोटार वाहन नियमांनुसार २.६ मीटरच्या आत लागते. या मापाची खोली दोन फुटी दगडी भिंतींची आणि माळवदाची बांधली, तर तिचं वजन साठ टनांच्या पुढे जातं. तीच खोली लोखंडी चेसिसवर चौकोनी पाइपचा सांगाडा आणि पफच्या, म्हणजे पॉलियुरेथेन फेसाच्या, पॅनेलनी उभी केली, तर फर्निचर, पाण्याची टाकी आणि माणसांसकट साडेतीन टनांत बसते. भूकंपाचा जोर त्याच प्रमाणात कमी. शिवाय टायर आणि पाटे थोडाफार हादरा स्वतःच गिळतात.

काळ्या मातीचाही प्रश्न इथे सुटतो. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि उथळ पायाच्या घराच्या भिंती तडकवते. चाकांवरच्या घराला पायाच नाही. जमीन एका बाजूला खचली, तर जॅक फिरवून घर पुन्हा सपाटीला आणता येतं.

हलक्या घराची किंमत

पण जुनी माणसं वेडी नव्हती. जाड भिंती त्यांनी उन्हासाठी बांधल्या होत्या. दुपारची झळ दोन फुटी भिंतीतून आत पोचायला दहा-बारा तास लागतात, तोवर बाहेर रात्र झालेली असते. भूकंपानंतर किल्लारी परिसरात पत्र्याचे तात्पुरते निवारे उभे राहिले. पत्रा अंगावर कोसळून जीव घेत नाही, पण वैशाखातल्या दुपारी त्याच्याखाली बसवतही नाही. मराठवाड्याचं घर या दोन टोकांमध्ये सापडलेलं आहे. जड बांधावं तर जमिनीची भीती, हलकं बांधावं तर सूर्याची.

पफ या कोंडीतून अर्धी वाट काढून देतो. त्यातल्या बारीक बुडबुड्यांत कोंडलेला वायू उष्णता फार सावकाश वाहून नेतो. पाच सेंटिमीटर जाडीचं पफ पॅनेल उष्णतेला जेवढं अडवतं, तेवढं अडवायला काळ्या दगडाची तीन मीटरहून जाड भिंत लागेल. पॅनेलचं वजन मात्र दर चौरस मीटरला दहा-अकरा किलो. उरलेली अर्धी वाट स्वतः काढावी लागते. पफ उष्णता अडवतो, साठवत नाही. माणसांची, चुलीची, फ्रीजची आतली उष्णता बाहेर जायला वाट ठेवली नाही, तर घर आतूनच तापतं. म्हणून छताला पांढरा रंग, छतावर हातभर अंतराने दुसरा पत्रा किंवा शेडनेट, समोरासमोर खिडक्या आणि छताजवळ झरोका, हे सगळं करावं लागतं. तेही पुरलं नाही, तर चाकांचा साधा फायदा घ्यावा. घर ओढून आंब्याच्या सावलीत न्यावं.

हलकेपणाचा दुसरा शत्रू वारा. वळवाच्या पावसाआधी पत्रे कसे उडतात, हे इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. ताशी १०० किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरला जवळपास ४७ किलोचा दाब देतो. सहा मीटर लांबीच्या घराच्या कडेवर मिळून ही ढकल साडेसातशे किलोच्या घरात जाते. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ताशी १४० किलोमीटरला तो दुप्पट होतो आणि साडेतीन टनांचं उंच, अरुंद घर कलंडायच्या बेतात येतं. उभ्या घराचे चारही कोपरे जमिनीत ठोकलेल्या लोखंडी खुंट्यांना साखळीने जखडणं म्हणूनच सक्तीचं.

गाडी उलाळ होऊ नये म्हणून

घर रस्त्यावर आलं की वजन किती, यापेक्षा ते कुठे ठेवलं हे महत्त्वाचं ठरतं. बैलगाडीत कडबा मागच्या बाजूला जास्त भरला की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं. पुढे जास्त भरला की मान दबते. ट्रेलरचं शास्त्र हेच. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या हुकावर यावा, असा जगभरचा संकेत आहे. साडेतीन टनांच्या घरासाठी तो ३५० ते ५२५ किलो होतो. भार त्याहून कमी पडला, तर वेगात ट्रेलर मागून डावी-उजवीकडे झोलायला लागतो आणि एका मर्यादेपलीकडे तो झोल ड्रायव्हरला आवरत नाही.

त्यामुळे आराखड्यात स्वयंपाकघर, टाकी, बॅटऱ्या आणि कपाटं कागदावर मांडून प्रत्येकाचं वजन लिहावं लागतं. पाण्याची टाकी ॲक्सलच्या वर आणि शक्य तितकी खाली, आत आडव्या पट्ट्या घातलेली, नाहीतर अर्धी भरलेली टाकी हिसक्यासरशी उचंबळून गाडी ओढते. झोपायचा माळा छताखाली असतो, म्हणून त्यावर जड काही ठेवायचं नाही. भिंतीचे जोड नुसत्या खिळ्यांचे नकोत, नट-बोल्टचे किंवा वेल्डिंगचे हवेत. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा म्हणजे या घरासाठी एक छोटा भूकंपच.

कोंडलेली हवा, मोजकं पाणी

लहान घराची सर्वांत दुर्लक्षित अडचण डोळ्यांना दिसत नाही. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर अमेरिकी सरकारने बेघरांना ट्रेलर दिले. लोकांचे डोळे चुरचुरू लागले, श्वासाचे त्रास सुरू झाले. २००७-०८ च्या हिवाळ्यात ५१९ ट्रेलर आणि फिरत्या घरांची तपासणी झाली, तेव्हा आतल्या हवेत फॉर्मल्डिहाइडचं सरासरी प्रमाण अब्जात ७७ भाग निघालं, नेहमीच्या घरांपेक्षा कितीतरी जास्त. तो वायू येत होता स्वस्त प्लायवुड आणि पार्टिकल बोर्डच्या डिंकातून. मोठ्या घरात तो विरळ होतो, छोट्या बंद घरात साचतो. कमी उत्सर्जनाचं प्लायवुड घेणं ही इथे चैन नाही.

गॅसचंही तसंच. एक किलो एलपीजी जळाला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. हिवाळ्यात ती थंड पत्र्यावर दवासारखी जमते आणि गंज, बुरशी सुरू होते. शिवाय एलपीजी हवेपेक्षा जड. गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो. म्हणून एक झरोका छताशी हवा आणि एक जमिनीशी.

पाण्याची शिस्त लातूरकरांना नवी नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे या शहराने घेतली आहे. पहिल्या खेपेला दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी आलं होतं. चाकांवरच्या घरात अडीचशे लिटरची टाकी म्हणजे अडीचशे किलोचं ओझं. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने ती दोघांना जेमतेम सव्वादोन दिवस पुरते. तमिळनाडूतल्या नामक्कलचा वास्तुरचनाकार अरुण प्रभू याने तीनचाकी रिक्षेवर ३६ चौरस फुटांचं घर सुमारे एक लाख रुपयांत उभं केलं, त्यातही २५० लिटरचीच टाकी आणि ६०० वॉटचं सौर पॅनेल आहे. इतकं पॅनेल आपल्याकडच्या उन्हात दिवसाला अडीच-तीन युनिट वीज देतं. पंखा, दिवे, फोन आणि छोटा फ्रीज निघतो. एसीचं नाव काढू नये.

शौचालयाचं उत्तर रेल्वेने आधीच शोधून ठेवलं आहे. सियाचीनसारख्या ठिकाणच्या जवानांसाठी संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केलेले जिवाणू आज रेल्वेच्या डब्यांखालच्या टाक्यांत मैला कुजवतात. त्याचं पाणी आणि वायू होतात. या जिवाणूंना हवा लागत नाही आणि उष्ण हवामान मानवतं. लातूरजवळ हरंगुळला रेल्वे डब्यांचा कारखाना आहे. २०१८ मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि २५ डिसेंबर २०२० रोजी पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. ७२ बर्थचा थ्री-टिअर डबा साडेतेवीस मीटर लांब आणि सव्वातीन मीटर रुंद असतो. माणशी जागा पडते जेमतेम एक चौरस मीटर. चाकांवर माणूस झोपवायचं तंत्र या जिल्ह्याला परकं नाही.

पहिलं घर कुणाला?

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. ठीकच आहे. पण ज्या भागातून हजारो कुटुंबं दरवर्षी अर्धं वर्ष घराबाहेर काढतात, तिथे चाकांवरच्या घराचा पहिला हक्क सहलीला जाणाऱ्यांचा नाही. फडावर न्हाणी नाही, शौचालय नाही, हे ऊसतोड बायकांचं सर्वांत जुनं गाऱ्हाणं आहे. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार न्हाणी आणि शौचालय मिळून २.८ चौरस मीटर जागा पुरते. सहा मीटरच्या एका ट्रॉलीवर अशा चार खोल्या, खाली जैव टाकी आणि वर पाण्याची टाकी आरामात मावते. दुसऱ्या ट्रॉलीवर पाळणाघर किंवा ऊसतोड कुटुंबांच्या मुलांसाठी साखरशाळेचा वर्ग.

यासाठी परदेशी कारखाना नको. चेसिस, हूक, पाटे आणि पॅनेल जोडणारे फॅब्रिकेशनवाले तालुक्याच्या गावी आहेत. ओढायला ट्रॅक्टर हवा, तो कारखान्याच्या यार्डात गळीत हंगामभर असतोच. ज्या ट्रॉलीवर दहा टन ऊस रोज येतो, तिच्यासारखीच एक चेसिस साडेतीन टनांचं घर सहज वाहील. मराठवाड्यातल्या साखर कारखान्यांनी येत्या हंगामात टोळीमागे नाही, तर निदान कारखान्यामागे एक अशी ट्रॉली फडावर उभी करून पाहावी. खर्च, दुरुस्ती, पाणी, उन्हाळा, सगळ्याची खरी परीक्षा तिथेच होईल.