वृद्धांचा डॉक्टर कोण?

माझी थोरली बहीण वयाच्या ७९व्या वर्षी चेन्नईतील राहत्या घरी न्हाणीघरात पडली, तेव्हा तिच्या डब्यात रोजच्या तेरा गोळ्या होत्या. हृदयविकार, मधुमेह, सांधेदुखी आणि निद्रानाश यांसाठी चार वेगवेगळे तज्ज्ञ. प्रत्येकाची चिठ्ठी आपापल्या जागी निर्दोष. पण चारही चिठ्ठ्या शेजारी ठेवून वाचणे हे कोणाचेच काम नव्हते. अखेर वार्धक्यचिकित्सेच्या एका डॉक्टरांनी तिला खुर्चीतून उठून दारापर्यंत चालून दाखवायला सांगितले आणि आडवे असताना व उभे राहिल्यावर असा दोनदा रक्तदाब मोजला. उठताना तो एकदम उतरत होता. झोपेच्या गोळीची गुंगी त्यात भर घालत होती. तेराच्या सात गोळ्या झाल्या.

एवढ्या साध्या तपासणीपर्यंत पोहोचायला आम्हाला तीन वर्षे आणि एक मोडलेले मनगट लागले. हे मला अधिक बोचते, कारण ही विद्याशाखा भारतात रुजली ती याच शहरात. डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी १९७८ मध्ये येथील सरकारी जनरल हॉस्पिटलात वृद्धांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. १९८८ मध्ये स्वतंत्र कक्ष झाला आणि १९९६ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजात या विषयातील देशातील पहिला एम.डी. अभ्यासक्रम. फेब्रुवारी २०२४ मध्ये गिंडी येथे २०० खाटांच्या राष्ट्रीय वार्धक्य केंद्राचे उद्घाटन झाले. तरीही सुशिक्षित, निवृत्तिवेतनधारक कुटुंबाला तेथे जावे हे सुचत नाही. कारण ‘वयच झाले’ हे निदान आपण सारे मुकाट्याने मान्य करतो.

प्रशासनात असताना मीही तेच केले. वार्धक्य माझ्या टेबलावर यायचे ते निवृत्तिवेतनाच्या लेखाशीर्षात. केंद्राचा ६० ते ७९ वयोगटातील गरीब वृद्धांसाठीचा वाटा महिना २०० रुपयांवर किती वर्षे गोठलेला आहे, हे ठाऊक असूनही मी टिपणाखाली सही करून फाइल पुढे सरकवली. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दहा खाटांचा कक्ष अपेक्षित आहे. एका जिल्ह्यात मी तो पाहायला गेलो. पाटी नवी होती. आत इतर कक्षांत न मावलेले रुग्ण.

‘पूर्वी एकत्र कुटुंब सांभाळून घेई’ हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येते. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला ते अर्धेच पटते. रायपुरमची मोनेगर धर्मशाळा १७८२च्या दुष्काळात पेजकेंद्र म्हणून सुरू झाली, आणि निराधार वृद्धांना ती आजही आसरा देते. तंजावरच्या भोसल्यांच्या छत्रांतही अन्नाबरोबर आजाऱ्यांची शुश्रूषा होई. ज्यांना घर नव्हते, ते तेव्हाही होतेच. शिवाय स्वातंत्र्याच्या सुमारास सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षांचे. ऐंशीच्या आईला साठीचा मुलगा सांभाळतो आहे, हे दृश्य दुर्मीळ होते. २०११च्या जनगणनेत साठीपुढील लोकांचे प्रमाण तमिळनाडूत १०.४ टक्के होते, महाराष्ट्रात ९.९. अधिकृत अंदाजानुसार २०३१ मध्ये तमिळनाडूत ते १८ टक्क्यांवर जाईल. महाराष्ट्र फार मागे राहणार नाही.

ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला आयुष्मान भारत योजनेत पाच लाखांपर्यंतचे विमा संरक्षण मिळू लागले. निर्णय स्वागतार्हच आहे. परंतु विमा कामी येतो तो मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर. म्हातारपणाचा खर्च मात्र रोजच्या गोळ्या, रिक्षाभाडे, चष्मा, कवळी आणि रात्री सोबत करणारी बाई यांवर होतो. म्हणूनच मला तमिळनाडूची ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम्’, म्हणजे ‘लोकांच्या दारी वैद्यकीय सेवा’, ही ५ ऑगस्ट २०२१ पासूनची योजना अधिक मोलाची वाटते. रक्तदाब-मधुमेहाची औषधे, फिजिओथेरपी, अंथरुणाला खिळलेल्यांची देखभाल हे सारे घरी पोहोचते. दोन जिने उतरू न शकणाऱ्या माणसाला उत्तम रुग्णालयही परदेशाइतकेच दूर असते. आता त्या घरी जाणाऱ्या कार्यकर्तीला गोळ्या देण्याबरोबर त्या मोजायला, रुग्णाला चालवून पाहायला आणि न्हाणीघरात डोकवायला शिकवले पाहिजे. त्याला खाटा लागत नाहीत. लागते ते प्रशिक्षण, आणि तिच्या निरोपाची दखल घेणारा डॉक्टर.

आमच्या घरी आता न्हाणीघरात दांडा बसवला आहे. सगळ्या औषधांची यादी एका कागदावर फ्रिजला चिकटवली आहे. राहिला आहे तो दुसरा कागद. शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत, हे लिहून ठेवण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिली. जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आयुष्यभर इतरांचे कागद मी साक्षांकित केले; माझा मसुदा आठ महिने खणात पडून आहे. त्याआधी परदेशातील मुलाशी बोलायला हवे. दोनदा फोन लावला, आणि दोन्ही वेळा आम्ही चेन्नईच्या पावसावर बोललो.