पाऊस थांबला, पाणी कधी निवळेल?

बारीक वाळूचा एक कण घ्या, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. 10 मीटर खोल पाण्याचा तळ गाठायला त्याला साधारण 20 मिनिटं लागतात. चिकणमातीचा कण त्याच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा. पाणी अगदी निश्चल असलं तरी तेवढंच अंतर उतरायला त्याला महिना लागतो! परतीचा पाऊस झोडपून गेल्यावर मालवणला स्कुबासाठी नेमकं कुठे उतरायचं, या प्रश्नाचं निम्मं उत्तर या दोन कणांत दडलंय.

पाणी गढूळ होतं ते दोन कारणांनी. लाटा तळाची वाळू उसळवतात आणि नद्या डोंगरातली माती आणून ओततात. वाळूचा गढूळपणा लाटा शांत झाल्या की लवकर ओसरतो. माती मात्र रेंगाळते. ती खरोखरच महिना महिना तरंगत राहिली असती, तर कोकणात ऑक्टोबरात कुणी पाण्यात उतरलंच नसतं. पण गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर जे होतं, ते इथे समुद्राचं मीठ करतं. एकमेकांना दूर ढकलणारे मातीचे कण खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि ते भराभर खाली बसतात. बसतात कुठे? बहुतेक नदीच्या मुखाजवळच. पुढची प्रत्येक भरती-ओहोटी तो गाळ पुन्हा ढवळत राहते. म्हणून देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथलं किंवा कोळंबच्या खाडीच्या तोंडाचं पाणी निवळायला वेळ लागतो, आणि खाडीपासून दूर, खडकाळ तळाच्या जागा आधी मोकळ्या होतात.

वरून पाहून मात्र फसायला होतं. नदीचं गोडं पाणी लिटरला सुमारे 1000 ग्रॅम, समुद्राचं सुमारे 1025. एवढ्याशा फरकामुळे गोड्या पाण्याचा तांबूस थर खाऱ्या पाण्यावर पसरून राहतो. त्यातून खाली जाताना दोन्ही पाणी मिसळतं तिथे सगळं थरथरतं, धूसर दिसतं. समोरच्या माशाच्या कडासुद्धा ठरत नाहीत. दोन्ही पाण्यांत प्रकाश वेगवेगळा वाकतो, म्हणून ही गंमत. आणखी थोडं खाली गेलं की कधी कधी स्वच्छ, खारं पाणी लागतं.

याच्या उलटही घडतं. वर समुद्र गुळगुळीत आणि तळाशी मात्र धूळवड. याचं कारण लाटेची लांबी. लाटेची हालचाल तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत जाणवते. इथल्याच वाऱ्याने उठलेली, दर 5 सेकंदांनी येणारी लाट सुमारे 40 मीटर लांब असते. 20 मीटर खाली तिचा जोर संपलेला असतो. पण दर 14 सेकंदांनी येणारी लाट खोल समुद्रात 300 मीटर लांब असते. कमी उंचीची ही लाट बोटीतून जेमतेम कळते, पण किनाऱ्याजवळचा तळ ती सहज हलवते. तळाशी शेवाळ एका दमात किनाऱ्याकडे झुकतं, क्षणभर थबकतं, मग तितकंच उलट्या बाजूला जातं. प्रत्येक झोक्याला वाळूचा पातळ धूर उठतो. अशी लाट कधी कधी थेट अंटार्क्टिकाच्या वाटेवरच्या वादळांतून निघालेली असते. दिवसाला जवळपास 1000 किलोमीटर कापत आठवडाभराने ती आपल्या किनाऱ्याला लागते, तेव्हा इथे वाऱ्याची झुळूकही नसते. हैदराबादची 'इन्कॉईस' ही संस्था लाटांच्या उंचीबरोबर दोन लाटांमध्ये जाणाऱ्या सेकंदांचाही अंदाज देते. डाइव्ह ठरवताना हा दुसरा आकडा जास्त बोलका.

मग जागा निवडायची कशी? आधी खाडीपासूनचं अंतर बघा. कर्नाटकातलं नेत्राणी बेट मुरुडेश्वरपासून सुमारे 19 किलोमीटर आत आहे; तिथे किनाऱ्याचा गाळ पोहोचता पोहोचता विरळ होतो. गोव्यात मुरगावजवळचं ग्रांदे बेट जुवारीच्या मुखापासून फार लांब नाही, त्यामुळे मोठ्या पावसानंतर तिथे धीर धरावा. मग लाटा ज्या दिशेने येतात, तिच्या आडोशाची बाजू शोधा. पण लांब लाटा बेटाला वळसा घालून मागेही येतात, हे विसरू नका. शेवटी तिथी बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात धावतं आणि गाळ उठवतं. अष्टमीच्या आसपासच्या भांगाला ते शांत असतं. खाडीजवळ उतरायचंच असेल तर भरती पूर्ण होण्याच्या सुमारास उतरा, कारण तेव्हा समुद्राचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं. ओहोटीला खाडीचा गाळ बाहेर पडतो.

गाळ बसला म्हणजे संपलं असंही नाही. नदीने आणलेली पोषणद्रव्यं आणि वरून मिळालेलं ऊन यांवर सूक्ष्म वनस्पती फोफावतात, आणि तांबूस पाणी काही दिवसांत हिरवट होतं. शिवाय पाऊस गटारांची घाणही समुद्रात आणतो. अमेरिकेत लॉस एंजेलिस परगण्याचा आरोग्य विभाग मोठ्या पावसानंतर 72 तास समुद्रात न उतरण्याचा सल्ला देतो.

पाणी किती निवळलं हे मोजायची सोपी रीत आहे. 1865 मध्ये इटालियन खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेकी यांनी पोपच्या जहाजावरून पांढरी तबकडी दोरीने समुद्रात सोडली आणि ती कुठे दिसेनाशी होते ते मोजलं. समुद्रशास्त्रज्ञ आजही ती वापरतात. तुम्हीही बोटीवरून दोरीला पांढरी ताटली आणि खाली वजन बांधून सोडून पाहा.

तेव्हा पुढच्या वेळी पैसे भरण्याआधी गाइडला आकाशाबद्दल विचारू नका. जवळची खाडी कुठे आहे, दोन लाटांत किती सेकंद जातात आणि आज तिथी कोणती, हे तीन प्रश्न विचारा. त्याने पटापट उत्तरं दिली तर खुशाल त्याच्याबरोबर उतरा. तो गोंधळला तर डाइव्ह पुढे ढकला.