टिकाऊ अन्न (लेखांक ६) : डब्यातली तारली

गेल्या आठवड्यात लोणची आणि मुरंबे पाहिले. तिथे मीठ, आंबटपणा किंवा साखर जंतूंना रोखून धरते. डब्यातल्या मासळीला यातला कुठलाच आधार पुरत नाही. मासा आंबट नसतो, त्यात पाणी भरपूर आणि डब्यात हवा जवळजवळ नाही. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा घातक जिवाणू अशाच जागी फोफावतो, आणि त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. म्हणून डबा आधी सीलबंद करतात आणि मग दाबाखालच्या वाफेत सुमारे १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. आतले जंतू मरतात, बाहेरचे शिरू शकत नाहीत. मासळी टिकते ती एवढ्याच बळावर.

या तापाने आणखी एक मोठं काम होतं: काटे मऊ पडतात. सार्डिन म्हणजे आपल्या तारलीच्या कुळातले मासे. निथळलेल्या, काट्यांसकट १०० ग्रॅम सार्डिनमध्ये सुमारे ३८० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तेवढ्याच दुधात साधारण १२०. शिवाय जवळपास २५ ग्रॅम प्रथिनं, सुमारे एक ग्रॅम ओमेगा-३, ड जीवनसत्त्व आणि दिवसाच्या गरजेहून जास्त बी-१२. काटे निवडून टाकणारा माणूस यातलं बहुतेक कॅल्शियमच टाकून देतो.

ट्यूना, म्हणजे आपला कुपा, प्रथिनांत मागे नाही. पण त्याच्या डब्यात काटे नसतात, ओमेगा-३ बहुधा कमी असतं आणि मोठ्या माशांत पारा जास्त साठतो. गरोदर बाईसाठी आणि लहान मुलांसाठी मी तारलीचाच डबा निवडेन. मीठ मात्र दोन्हींत असतं. रक्तदाब असलेल्यांनी लेबल वाचूनच घ्यावं.

डबा कोरड्या, थंड जागी ठेवावा. गॅसच्या वरचं फडताळ नको, सिंकखालची ओल तर नकोच. कोकणातल्या दमट हवेत पत्र्याला गंज चढतो. वरवरचा, पुसून जाणारा गंज चालतो. पत्रा खाल्ला गेला असेल तर डबा टाकावा. फुगलेला, गळणारा, जोडावर चेपलेला किंवा उघडताच पिचकारी मारणारा डबा चाखूनही पाहू नये, कारण बोट्युलिनमचं विष वासावरून किंवा चवीवरून कळेलच असं नाही. कधीकधी आत काचेसारखे खडे सापडतात. ते बहुधा स्ट्रुव्हाइट या निरुपद्रवी क्षाराचे असतात. कोमट व्हिनेगरमध्ये विरघळतात. काच विरघळत नाही.

डबा उघडला की त्याचं संरक्षण संपलं. उरलेली मासळी काचेच्या किंवा स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा. बाहेर राहिलेल्या तारलीत, बांगड्यात, कुप्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते पुन्हा उकळून जात नाही.

रांधताना एवढं लक्षात ठेवा की मासा शिजलेलाच आहे. खोबऱ्याचं वाटण, तिरफळं आणि कोकम आधी नीट उकळू द्या, मासा शेवटी सोडा आणि डाव न घालता भांडंच हलवा. मीठ चाखून घाला. डब्यातलं तेल ओतून देऊ नका. माशाची चरबी त्यात उतरलेली असते, ते कालवणातच घाला.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि ताजी मासळी महागते. त्या दोन महिन्यांसाठी घरात तारलीचे चार डबे असू द्या. घेताना तारीख आणि निथळलेलं वजन, दोन्ही वाचा.